मराठी प्रेक्षक मोजण्याआधी मराठीत सामना दाखवा

२०१८ चा फुटबॉल विश्वचषक भारतात सोनीच्या वाहिन्यांवर सहा भाषांत दिसला: इंग्रजी, हिंदी, बंगाली, मल्याळम, तमीळ आणि तेलुगू. २०२२ मध्ये हक्क व्हायाकॉम१८ कडे गेले. त्यांच्या जिओसिनेमा या ॲपवर सामने फुकट दिसले, तेव्हा भाषा होत्या इंग्रजी, हिंदी, बंगाली, मल्याळम आणि तमीळ. दोन्ही वेळा मराठी नव्हती. २०११ च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक आहेत. तेलुगू ८ कोटी ११ लाख, तमीळ ६ कोटी ९० लाख आणि मल्याळम साडेतीन कोटींच्या आत. हिंदी आणि बंगालीनंतर देशात तिसऱ्या क्रमांकावर असलेली भाषा बाजूला ठेवून तिच्या खालच्या भाषांना समालोचन मिळालं.

यावर उत्तर ठरलेलं आहे. भाषा लोकसंख्येवर ठरत नाही, प्रेक्षकसंख्येवर ठरते. महाराष्ट्रात फुटबॉल बघतं कोण? आणि जे बघतात त्यांना हिंदी कळतंच की. ही दोन वाक्यं इतक्या वेळा ऐकली आहेत की मराठी माणसंसुद्धा ती आता स्वतःहून बोलून दाखवतात. मला ती दोन्ही मान्य नाहीत. त्यांच्या जोरावर कोकणातल्या, आणि कोकणासारख्याच इतर भागांतल्या, लाखो घरांना जगातल्या सर्वात मोठ्या खेळापासून लांब ठेवलं गेलंय, आणि याबद्दल कोणाला काही वाटतही नाही.

आधी हे ध्यानात घ्यावं की मराठीत समालोचन करायची ताकद नाही असं अजिबात नाही. कतारमधली स्पर्धा १८ डिसेंबर २०२२ ला संपली. चार महिन्यांच्या आत, २०२३ च्या आयपीएलला, त्याच जिओसिनेमाने बारा भाषा दिल्या आणि त्यांत मराठी होती, भोजपुरी होती, पंजाबी होती. क्रिकेटसाठी मराठी माणसं सापडली, खोली सापडली, माइक सापडला. फुटबॉलसाठी सापडलं नाही, कारण शोधलंच नाही.

भाषेनुसार प्रेक्षक कसा वाढतो हे बघायचं तर अमेरिकेचं उदाहरण घ्यावं. फुटबॉल हा तिथला पहिल्या पसंतीचा खेळ नव्हे. तरी २०२२ च्या अर्जेंटिना-फ्रान्स अंतिम सामन्याला फॉक्सच्या इंग्रजी प्रक्षेपणावर सुमारे १ कोटी ६८ लाख आणि टेलिमुंडोच्या स्पॅनिश प्रक्षेपणावर सुमारे ९० लाख प्रेक्षक होते. दर तिघांमागे एक जण स्पॅनिशमध्ये सामना बघत होता. त्याहून बोलका आकडा पैशांचा आहे. २०१८ आणि २०२२ या दोन विश्वचषकांचे अमेरिकेतले हक्क २०११ मध्ये विकले गेले, तेव्हाच्या बातम्यांनुसार इंग्रजीसाठी फॉक्सने चाळीस कोटी डॉलरच्या थोडे वर मोजले आणि स्पॅनिशसाठी टेलिमुंडोने साठ कोटींच्या आसपास. ज्या देशाचा कारभार आणि बाजार इंग्रजीत चालतो तिथे अल्पसंख्याकांच्या भाषेतला फुटबॉल बहुसंख्याकांच्या भाषेतल्या फुटबॉलपेक्षा महाग विकला गेला!

घरात स्पॅनिश बोलणारे अमेरिकेत चार कोटींच्या आसपास, म्हणजे मराठी भाषकांच्या निम्मे. त्यांच्यातल्या मोठ्या भागाला इंग्रजी चांगलं येतं. दिवसभर ते कामावर इंग्रजीच बोलतात. पण संध्याकाळी सामना लावताना बोट स्पॅनिश वाहिनीवर जातं. इंग्रजी वाहिन्यांना फुटबॉलमध्ये फारसा रस नव्हता त्या काळापासून युनिव्हिजनने, २०१४ पर्यंत, विश्वचषक स्पॅनिशमध्ये दाखवला. आंद्रेस कांतोर या समालोचकाची लांबलचक ‘गोऽऽऽल’ची आरोळी ज्यांना स्पॅनिशचा शब्द कळत नाही अशा अमेरिकनांनाही पाठ झाली. हा प्रेक्षक वर्षानुवर्षं त्याच्या भाषेत बोलून घडवलेला आहे.

आता आपल्याकडची मोजणी बघू. टीव्हीचा प्रेक्षक मोजण्याचं काम २०१५ पासून बार्क ही संस्था करते. निवडक घरांत मीटर बसवलेलं असतं. वाहिनीच्या आवाजात कानाला ऐकू न येणारी एक खूण मिसळलेली असते, ती मीटर ओळखतं आणि कोणत्या वाहिनीवर किती वेळ टीव्ही लागला होता याची नोंद होते. देशात टीव्ही असलेली घरं २१ कोटी आहेत असा बार्कचाच २०२० चा अंदाज आहे, आणि मीटरची घरं पंचावन्न-साठ हजार. साधारण चार हजार घरांमागे एक मीटर पडतं. नमुना पद्धत म्हणून यात वावगं काही नाही, मतदानाचे कलही असेच काढतात. पण वेंगुर्ला किंवा मंडणगडसारख्या तालुक्याच्या वाट्याला सरासरीने येणारी मीटरची घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. शिवाय या मोजणीत महाराष्ट्र आणि गोवा हा एकच बाजार धरला जातो. त्यामुळे मुंबई-पुण्याचं वजन इतकं पडतं की किनाऱ्यावरच्या माणसाची आवड वेगळी असली तरी ती आकड्यांत वेगळी उमटत नाही.

याहून मोठी अडचण मीटरची नाहीच. मीटर फक्त दाखवलेली गोष्ट मोजतं. मराठी समालोचन नसलेल्या सामन्याला मराठी समालोचनाचा प्रेक्षक शून्यच असणार. जो मराठी माणूस नाइलाजाने हिंदीत सामना बघतो तो हिंदीच्या खात्यात जमा होतो. जो आवाज बंद करून बघतो तोही त्याच खात्यात. आणि ज्याने दहा मिनिटं बघून, काही कळेना म्हणून, मराठी मालिका लावली त्याची नोंद ‘फुटबॉल न बघणारा’ अशी होते. मोबाइलवरही तेच. भाषेच्या यादीत मराठीचं बटणच नसेल तर ते कोणी दाबलं नाही याचा अर्थ काय लावायचा? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. या आकड्यांवरून पुढल्या वेळी पुन्हा ठरतं की मराठीत मागणी नाही, आणि पुढली चार वर्षं तशीच जातात.

हे चक्र केरळात कधी फिरलंच नाही. साडेतीन कोटी मल्याळम भाषकांना दोन्ही विश्वचषक त्यांच्या भाषेत मिळाले. शैजू दामोदरन हे मल्याळम समालोचक तिथे घरोघरी माहीत आहेत. कोळिकोडजवळच्या पुल्लावूरला नदीत उभारलेले मेस्सी, नेमार आणि रोनाल्डोचे प्रचंड फलक २०२२ मध्ये जगभर दिसले, फिफानेही त्यांची दखल घेतली. तिथे फुटबॉलचं वेड भाषेच्या आधीपासून होतं, हे खरं. पण ते वेड घरातल्या आजीपर्यंत पोचवायला भाषा लागली.

महाराष्ट्रात फुटबॉल कोण बघतं, याचं उत्तर घाटावर द्यायचं तर कोल्हापूरचं नाव घेऊन विषय संपतो. शाहू स्टेडियमवर तालमी-पेठांचे सामने असले की गावात दुसरा विषय नसतो, आणि २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव तिथलाच. कोकणाबद्दल मात्र असं एका नावात सांगता येत नाही, म्हणून इथे जरा थांबून सांगतो.

विश्वचषक बहुतेक वेळा जून-जुलैत येतो. २०१४ चा १२ जून ते १३ जुलै, २०१८ चा १४ जून ते १५ जुलै, २०२६ साठी ठरलेल्या तारखा ११ जून ते १९ जुलै. आणि १ जून ते ३१ जुलै हा आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीच्या बंदीचा काळ. एरवी पहाटे समुद्रावर जाणारा, भरती-ओहोटीच्या गणितावर झोपणारा-उठणारा अख्खा समाज या दोन महिन्यांत घरी असतो. होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात, जाळी विणायला घेतलेली असतात, बाहेर पाऊस कोसळत असतो. रात्री साडेअकराला किंवा साडेबाराला सुरू होणारा सामना शहरातल्या नोकरदाराला परवडत नाही, पण हर्णै, मिरकरवाडा, देवगड, मालवणच्या माणसाला या दिवसांत परवडतो. जाहिरातदारांच्या कोष्टकात हा प्रेक्षक कुठल्या रकान्यात बसतो? मला वाटतं, कुठल्याच नाही. त्याचं कोणाला माहीतही नाही.

दुसरा प्रेक्षक आखाताचा. मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण, तिकडे म्हसळा-श्रीवर्धन, या पट्ट्यातल्या कितीतरी घरांतला कर्ता पुरुष कुवेत, कतार, दुबई किंवा सौदीत असतो. घरात कोकणी बोली, शाळा मराठी किंवा उर्दू. २०२२ ला स्पर्धाच कतारमध्ये होती. आपला माणूस जिथे राबतो त्या शहरातलं मैदान टीव्हीवर दिसतंय, ही गोष्ट त्या घरांतल्या बायकांना आणि पोरांना किती जवळची असेल! त्या मैदानांचं, त्या शहराचं, तिथे काम करणाऱ्या माणसांचं मराठीत चार वाक्यांत वर्णन करणारा एक जरी आवाज असता तर ही घरं सामन्याला चिकटून बसली असती.

तिसरा प्रेक्षक दक्षिणेकडचा. बांदा, सावंतवाडी, दोडामार्ग, शिरोडा इथली पोरं कामधंद्याला गोव्यात जातात आणि येताना फुटबॉल घेऊन येतात. धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स ही गोव्यातल्या क्लबांची नावं तेरेखोल नदीच्या अलीकडेही परकी नाहीत.

आणि चौथा म्हणजे शाळकरी मुलं-मुली. २०१७ चा सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात सहा ठिकाणी झाला. त्यांतली दोन ठिकाणं नवी मुंबई आणि मडगाव, अगदी कोकणपट्टीची दोन टोकं. त्या स्पर्धेला १३ लाख ४७ हजारांवर प्रेक्षक मैदानात आले, या वयोगटाच्या विश्वचषकातला तो विक्रम ठरला. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला राज्य सरकारने एका दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याची मोहीम राबवली, शाळाशाळांत चेंडू पोचले. २०२२ मध्ये मुलींचा सतरा वर्षांखालील विश्वचषक झाला तेव्हा तीन ठिकाणांपैकी दोन पुन्हा हीच होती, आणि स्पेन-कोलंबिया अंतिम सामना ३० ऑक्टोबरला नेरूळला खेळला गेला. मुलांच्या पायात चेंडू दिला, दारात विश्वचषक आणला, पण तो खेळ त्यांच्या भाषेत समजावून सांगायची सोय कोणी केली नाही. मैदानावर खर्च झालेला पैसा निम्मा वाया जातो तो इथे. खेळणारं मूल घरी येऊन मोठे सामने बघतं तेव्हा त्याची समज वाढते, आणि बघताना शेजारी आई-आजी बसल्या असतील तर त्याच्या खेळाला घरात मान मिळतो.

आता दुसरं वाक्य: ‘हिंदी कळतंच.’

मालवणजवळ मच्छीमारांच्या एका गाबीतवाडीत गेल्या स्पर्धेचा एक सामना मी दहा-बारा माणसांत बसून बघितला. टीव्हीवर हिंदी समालोचन सुरू होतं. गोल झाला, खोली उसळली, आणि मिनिटभराने पंचांनी तो रद्द केला. कोपऱ्यात जाळ्याची गाठ मारत बसलेल्या म्हाताऱ्याने हात थांबवून विचारलं, “अरे, गोल झालो मगे रद्द कित्याक?” टीव्हीतला समालोचक त्या क्षणी खेळाडूच्या क्लबविषयी बोलत होता. उत्तर दिलं नातवाने. “आजो, तो तेंच्या शेवटच्या माणसाच्या फुडे व्हतो. बॉल मारताना तो फुडे असलो तर चलणा नाय.” मग त्याने दोन वाट्या आणि एक लिंबू जमिनीवर मांडून ऑफसाइड दाखवला. म्हाताऱ्याने नीट बघितलं, मान हलवली, आणि पुढल्या अर्ध्या तासात दोनदा पंचांच्या आधी ‘फुडे गेलो, फुडे गेलो’ म्हणून ओरडला. त्या खोलीत त्या रात्री समालोचक कोण होता ते सांगायला नको.

म्हाताऱ्याला हिंदी कळत नाही असं मुळीच नाही. सिनेमे बघतो, बातम्या ऐकतो, बंदरावर परप्रांतीय खलाशांशी दिवसभर हिंदीत बोलतो. पण ओळखीच्या गोष्टी परक्या भाषेत कळणं वेगळं आणि अनोळखी गोष्ट परक्या भाषेत शिकणं वेगळं. क्रिकेट त्याला आधीच येतं, म्हणून ते हिंदीत चालतं. फुटबॉल त्याला शिकायचाय. ऑफसाइड, हँडबॉल, व्हिडिओ पाहून बदललेले निर्णय, जादा वेळ, हे सगळं चेंडू पळत असताना, अर्ध्या वाक्यात समजलं पाहिजे. तिथे मनातल्या मनात भाषांतर करायला सवड नसते.

‘दुसरी भाषा कळते ना, मग स्वतःची कशाला’ हा युक्तिवाद मराठीपुरता नाही. ब्रिटनमधल्या वेल्समध्ये तो पिढ्यान्पिढ्या ऐकवला गेला. २०२१ च्या जनगणनेनुसार वेल्श बोलणारे ५ लाख ३८ हजार आहेत, सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या साडेआठ लाख लोकसंख्येपेक्षा कमी. आणि मोठ्या झालेल्या प्रत्येक वेल्श भाषकाला इंग्रजी येतं, अगदी अस्खलित येतं. तरी २०२२ च्या विश्वचषकात वेल्सचे सामने एसफोरसी या वाहिनीने वेल्शमध्ये दाखवले. ही वाहिनी फुकट मिळालेली नाही. सरकार दिलेल्या शब्दापासून मागे फिरतंय असं दिसल्यावर १९८० मध्ये वेल्श नेते ग्विन्फोर इव्हान्स यांनी आमरण उपोषणाचा इशारा दिला, तेव्हा सरकार नमलं आणि १९८२ मध्ये ती सुरू झाली. स्वित्झर्लंडमध्ये इटालियन बोलणाऱ्या तिचिनो प्रांताची वस्ती साडेतीन लाखांच्या आसपास आहे. तिथल्या सार्वजनिक वाहिनीला फुटबॉलसाठी इटालियन समालोचक ठेवणं परवडतं. आठ कोटींच्या भाषेला परवडत नाही, हे पटण्यासारखं नाही.

परवडण्याचा मुद्दा निघालाच आहे तर खर्च कशाला येतो तेही सांगितलं पाहिजे, कारण बहुतेकांना वाटतं की मराठी प्रक्षेपण म्हणजे वेगळे कॅमेरे, वेगळी माणसं, वेगळा पसारा. तसं काही नसतं. विश्वचषकाची चित्रं २००२ पासून एचबीएस ही एकच संस्था सगळ्या जगासाठी तयार करते. ब्राझीलमध्ये दिसतं तेच चित्र रत्नागिरीत दिसतं. त्या चित्राबरोबर मैदानातला नुसता आवाज, प्रेक्षकांचा गलका, शिट्ट्या, चेंडूचा ठोका, स्वतंत्र येतो. त्यावर आपल्या भाषेतलं बोलणं चढवायचं. एक लहान खोली, एक पडदा, दोन-तीन समालोचक, एक ध्वनितंत्रज्ञ. ज्या स्टुडिओंतून मल्याळम आणि बंगाली समालोचन जातं त्यांतले कितीतरी स्टुडिओ मुंबईतच आहेत, महाराष्ट्राच्या राजधानीत. हक्कांसाठी जे कोट्यवधी मोजले जातात त्यापुढे हा खर्च किरकोळ आहे.

माणसं? कोकणात समालोचकांचा तुटवडा आहे असं म्हणणाऱ्याने एप्रिल-मे महिन्यात इथल्या कुठल्याही मैदानावर यावं. टेनिस चेंडूच्या क्रिकेट स्पर्धा, कबड्डीचे सामने, बैलगाड्यांच्या शर्यती, सगळीकडे मांडवात एक टेबल, एक माइक आणि एक माणूस असतो. सकाळी आठपासून रात्री बारापर्यंत तो बोलतो. खेळाडूचं नाव, गाव, वाडी, मागच्या वर्षी त्याने काय केलं होतं, देणगीदार कोण, सगळं त्याच्या जिभेवर. चेंडू हवेत असताना आवाज कुठे चढवायचा आणि झेल सुटला की कुठे सोडायचा हे त्याला कोणी शिकवलेलं नाही. चांगल्या समालोचकाला तीन-तीन तालुक्यांतून बोलावणी येतात, आयोजक स्पर्धेच्या तारखा त्याच्या सवडीने ठरवतात. यांच्यातल्या दहा जणांना फुटबॉलचे नियम जाणणाऱ्या पंचांबरोबर महिनाभर बसवलं तर दोन उत्तम जोड्या नक्की निघतील. माझी तर खात्री आहे की त्या जोड्या इंग्रजीतून शब्दशः उतरवलेल्या हिंदी समालोचनापेक्षा सरस ठरतील.

आणि आपल्याला याची परंपरा नाही असंही नाही. बाळ ज. पंडित यांनी आकाशवाणीवरून मराठीत क्रिकेटचं धावतं वर्णन केलं तेव्हा कोकणातल्या कितीतरी घरांत वीज नव्हती. ट्रान्झिस्टरभोवती बसून, मैदान कधी डोळ्यांनी न बघता, माणसं स्लिप आणि गली शिकली. वि. वि. करमरकर यांनी वर्तमानपत्रात खेळाला स्वतःचं पान मिळवून दिलं. क्रिकेट हा मुंबईच्या जिमखान्यांतला साहेबी खेळ खेड्यापाड्यांत आपला झाला, त्यात या मराठी आवाजांचा आणि मराठी पानांचा वाटा फार मोठा आहे. फुटबॉलच्या वाट्याला तसे आवाज आलेच नाहीत.

खासगी कंपन्यांनी हे स्वतःहून करावं अशी माझी अपेक्षा आहे, पण त्यांच्यावर विसंबून राहावं असं मला वाटत नाही. त्यांचं गणित आकड्यांवर चालतं, आणि आकडे कसे तयार होतात ते वर आलंच आहे. चक्र कोणीतरी बाहेरून तोडावं लागतं. ते काम दूरदर्शनचं आहे.

त्यासाठी कायदा आहे. २००७ च्या क्रीडा प्रक्षेपण संकेत कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून जाहीर झालेल्या सामन्यांचं प्रक्षेपण हक्कधारक कंपनीला दूरदर्शन-आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यावंच लागतं. जाहिरातींच्या उत्पन्नात टीव्हीसाठी किमान ७५ टक्के हक्कधारकाचे आणि २५ टक्के प्रसार भारतीचे, तर रेडिओसाठी निम्मे-निम्मे, अशी वाटणी कायद्यातच आहे. फुटबॉल विश्वचषकाचे उपांत्य आणि अंतिम सामने या यादीत येतात. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की असं मिळालेलं प्रक्षेपण दूरदर्शनने स्वतःच्या जाळ्यावर आणि स्वतःच्या फ्री डिशवरच दाखवायचं, खासगी केबलवर नाही. ही मर्यादा शहरांत जाचक वाटेल. कोकणात तशी ती नाही. डोंगरउतारांवर विखुरलेल्या वाड्यांमध्ये केबलची तार ओढणं कोणालाच परवडत नाही, तिथे घराघरावर छत्री असते, आणि महिन्याचे पैसे भरायला नकोत म्हणून फ्री डिश चालते. ज्याला मराठी समालोचनाची सर्वात जास्त गरज आहे त्याच्याच घरात ही सोय आधीपासून आहे.

दूरदर्शनकडे सह्याद्री वाहिनी आहे. चित्र कायद्याने मिळतं. मुंबईत स्टुडिओ आहे. उपांत्य आणि अंतिम असे मोजके सामने सह्याद्रीवर, नाहीतर फ्री डिशवर दुसऱ्या ध्वनिमार्गाने, मराठीत देण्यात मला इच्छेखेरीज कसलीच उणीव दिसत नाही. आकाशवाणीचंही तसंच. रत्नागिरी केंद्रावरून विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचं मराठी धावतं वर्णन गेलं तर पावसाळ्यात वीज गेलेल्या रात्रीही ते ऐकू जाईल. जून-जुलैत इथे वीज किती तास असते हे इथल्यांना सांगायला नको.

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याचा आनंद मलाही आहे. त्या दर्जातून निधी येईल, अध्यासनं उभी राहतील, जुन्या पोथ्यांवर काम होईल, ते व्हायलाच हवं. पण भाषा वाढते ती रोजच्या वापराने, आणि कोट्यवधी माणसं एका वेळी एकाच गोष्टीकडे बघत असतात तेव्हा तिथे ती भाषा ऐकू आली पाहिजे. मराठीच्या नावाने जे मंत्री, जे पक्ष, ज्या संस्था बोलतात त्यांच्या मागण्यांत पाट्या असतात, शाळा असतात, बँकेचे अर्ज असतात. सार्वजनिक वाहिनीवरचा विश्वचषकही असावा.

हेच सगळं कोकणीलाही लागू आहे, हे मी मुद्दाम लिहितो. २०११ मध्ये कोकणी भाषक साडेबावीस लाख होते, म्हणजे वेल्श भाषकांच्या चौपट, आणि गोव्यात फुटबॉल हाडामासात आहे. पणजीहून कोकणी समालोचन सुरू झालं तर सिंधुदुर्गातले मालवणी बोलणारे ते आवडीने ऐकतील. एकाला दिलं म्हणून दुसऱ्याचं कमी होईल असा हा मामला नाही. तिकडे कोकणी, इकडे मराठी, आणि मराठीतही मुंबईच्या स्टुडिओतल्या घोटीव बोलीची सक्ती नसावी. मालवणचा माणूस मालवणी हेल काढून बोलला, अलिबागचा आगरी ठसक्यात बोलला, तरी घाटावरच्यालाही ते समजेल.

२०२६ ची स्पर्धा ४८ संघांची आणि १०४ सामन्यांची ठरली, पण अमेरिकेच्या घड्याळामुळे तिचे बहुतेक सामने भारतात मध्यरात्रीनंतर आणि पहाटे पडतात. खरी संधी त्यापुढची आहे. २०३० ची स्पर्धा मुख्यतः स्पेन, पोर्तुगाल आणि मोरोक्कोत, आणि २०३४ ची सौदी अरेबियात होईल. सौदी आपल्यापेक्षा फक्त अडीच तास मागे आहे, म्हणजे तिथला संध्याकाळचा सामना आपल्याकडे रात्री जेवणानंतर सुरू होईल. रत्नागिरी-रायगडची किती माणसं तोवर तिथे कामाला असतील याचा अंदाज ज्याने त्याने आपल्या वाडीपुरता करावा.

एवढी वर्षं हातात असताना सह्याद्री वाहिनीने पुढचं पाऊल लगेच टाकावं. मराठी फुटबॉल समालोचकांसाठी आवाज-चाचणी जाहीर करावी, आणि ती मुंबईत न घेता सावंतवाडी, रत्नागिरी, अलिबाग आणि कोल्हापूरला घ्यावी. पदवीची अट नको. मैदानावर माइक धरल्याचा अनुभव आणि नियमांची परीक्षा एवढं पुरे. निवडलेल्यांना आधी राज्यातल्या शालेय आणि जिल्हा स्पर्धांचे सामने द्यावेत, पंच संघटनेचा एक माणूस शेजारी बसवावा, आणि त्या सामन्यांच्या चित्रफिती यूट्यूबवर टाकाव्यात, म्हणजे कोण किती बघतं हे सगळ्यांना दिसेल, खासगी वाहिन्यांनाही.